विक्रेत्याचा पत्ता मागता येतो
ऑनलाइन खरेदीत काही तक्रार असली की खरेदीचे प्लॅटफॉर्म (वेबसाइट, ॲप) 'आम्ही फक्त मध्यस्थ' म्हणत हात वर करतात, ते खरंच आहे. पण 'मग कायद्यात काही सोयच नाही' असं काहीजण म्हणतात, ते पटत नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे खरेदीनंतर लेखी मागितलं की विक्रेत्याचा पत्ता, ईमेल वगैरे तपशील प्लॅटफॉर्मला द्यावाच लागतो. जरूर मागा! तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, हेही त्याच नियमांत आहे. म्हणून चॅटवर डोकं फोडत बसण्यापेक्षा ऑर्डर क्रमांक घालून सरळ प्लॅटफॉर्मच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, पोच जपून ठेवा.

आणि कंपनीचं ऑफिस परराज्यात असलं तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येते.