मदत हवी आहे: लिनक्स मिंट, जुनं जीफोर्स २१० कार्ड, रिझोल्यूशन १०२४×७६८ च्या वर जातच नाही

नमस्कार मंडळी. देवगडजवळ खाडीकाठी माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. आंब्याच्या पेट्यांची लेबलं, लग्नपत्रिका, बॅनर, सगळं इंकस्केप आणि गिंपवर करतो. शिमग्याला आलेला भाचा विंडोज काढून लिनक्स मिंट २१ (सिनॅमन) टाकून गेला. मशीन आधीपेक्षा बरंच पळतंय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मॉनिटर १९२०×१०८० चा असून रिझोल्यूशन १०२४×७६८ वर अडकलंय. डिस्प्ले सेटिंगमध्ये दुसरा पर्यायच नाही.

चित्र आडवं ताणलं जातं, त्यामुळे लेबलावरचा गोल शिक्का स्क्रीनवर अंड्यासारखा दिसतो. प्रिंट अगदी गोल येते, पण शेजारी खुर्ची ओढून बसलेल्या बागायतदाराला हे पटवताना नाकी नऊ येतात. 'आधी हयसर गोल करून दाखव, मगे छाप' म्हणतात. ऐन सीझनात रोज हेच.

माहिती: एनव्हिडिया जीफोर्स २१० कार्ड, व्हीजीए केबल. टर्मिनलमध्ये एक्सरँडर (स्क्रीनचे मोड दाखवणारी, बदलणारी कमांड) चालवलं की आउटपुटचं नाव नुसतं 'डिफॉल्ट' येतं आणि मिनिमम, करंट, मॅक्सिमम तिन्हीकडे १०२४×७६८. ड्रायव्हर मॅनेजर म्हणतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. भाचा फोनवरून सांगतोय, एनव्हिडियाच्या साइटवरचा ३४०.१०८ ड्रायव्हर उतरवून घाल. घालू का?

प्रतिसाद १
अजिबात घालू नका. त्या कार्डासाठीची ३४० ही मालिका एनव्हिडियाने २०१९ अखेर बंद केली, ३४०.१०८ ही तिची शेवटची आवृत्ती. नव्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) ती पॅच मारल्याशिवाय बिल्ड होत नाही. ऐन सीझनात मशीन काळ्या पडद्यावर नेऊन ठेवाल. लेबलं-पत्रिकांना कर्नलमधला नूव्हो ड्रायव्हर पुरेसा आहे.

तुमच्याकडे तो लोडच झालेला दिसत नाही. आउटपुटचं नाव 'डिफॉल्ट' आणि एकच मोड, ही त्याची खूण. जोडलेल्या कार्डांची यादी देणाऱ्या 'एलएसपीसीआय' कमांडला 'डॅश के' जोडून चालवा आणि कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ आहे का बघा. शिवाय 'प्रॉक' फोल्डरातली 'सीएमडीलाइन' फाइल वाचून त्यात 'नोमोडसेट' (ग्राफिक्स ड्रायव्हरला अडवणारा शब्द) दिसतंय का सांगा.

धागाकर्ता
'इन यूज' ओळ नाही. 'कर्नल मॉड्यूल्स' समोर नूव्होचं नाव आहे. आणि हो, नोमोडसेट आहे! भाच्याला विचारलं, तर म्हणे टाकताना एकदा पडदा काळा पडला म्हणून त्याने ते घातलं.

प्रतिसाद १
मग तेच. नोमोडसेट असेपर्यंत नूव्हो कार्डाला हात लावत नाही, सगळं चित्र सीपीयू रंगवतो. लगेच फाइल बदलू नका, आधी तात्पुरतं बघा: मशीन सुरू होताना शिफ्ट दाबून धरा, ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू आला की 'ई' दाबा, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतला नोमोडसेट खोडा आणि एफ१० दाबा. पडदा काळा पडला तरी नुसतं रीस्टार्ट केलं की जैसे थे. नीट चाललं तरच 'ईटीसी' मधल्या 'डिफॉल्ट' फोल्डरातल्या ग्रब फाइलमधून तो शब्द काढा आणि सुडो लावून 'अपडेट-ग्रब' चालवा.

धागाकर्ता
पडदा काळा पडला नाही. फाइलही बदलली. खिडक्या आता झटक्यात सरकतात. आउटपुटचं नाव व्हीजीए-१ झालं, पण यादी बघा: १०२४×७६८, ८००×६००, ६४०×४८०, ८४८×४८०. बस्स. आणि पुढे मॉनिटरचं माप शून्य मिमी गुणिले शून्य मिमी! शिक्का अजून आडवाच.

प्रतिसाद २
आता ड्रायव्हरचा पिच्छा सोडा, केबल बघा. हे चार मोड आणि शून्य माप म्हणजे मॉनिटरची ईडीआयडी माहिती (मॉनिटर स्वतःचं माप आणि मोड सांगतो ती) कार्डापर्यंत पोचत नाहीये. व्हीजीएमध्ये ती १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून येते. रंगांच्या पिना वेगळ्या, म्हणून चित्र दिसतं, पण मॉनिटर कोण ते कार्डाला कळत नाही. मी मालवणात मशीनं दुरुस्त करतो. खाऱ्या हवेत या पिना हिरव्या पडलेल्या नेहमी सापडतात. मशीन बंद करून दोन्ही टोकं काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करा. स्वस्त केबलींत त्या तारा कधी कधी नसतातच, तेव्हा दुसरी केबलही लावून बघा.

तोवर काम अडू नये म्हणून: 'सीव्हीटी १९२० १०८०' चालवा, येणारी मोडलाइन (त्या रिझोल्यूशनच्या आकड्यांची ओळ) एक्सरँडरच्या 'न्यूमोड' ला द्या, मग 'अ‍ॅडमोड' ने व्हीजीए-१ ला जोडा आणि सेटिंगमधून निवडा. रीस्टार्टला हे पुसलं जातं, म्हणून त्याच ओळी होम फोल्डरातल्या 'डॉट एक्सप्रोफाइल' मध्ये ठेवा.

धागाकर्ता
मोडलाइनने संध्याकाळीच १९२०×१०८० आलं, पत्रिकेचं एक काम उरकलं. आज केबल काढली तर मॉनिटरकडच्या टोकाला खालच्या ओळीत चक्क हिरवी बुरशी! घासूनही यादी तीच. शेजारच्या स्टुडिओवाल्याची केबल लावली आणि यादीत सगळ्यात वर १९२०×१०८०, पुढे माप ४७७ गुणिले २६८ मिमी. शिक्का गोल. दोघांचे आभार.

प्रतिसाद २
छान. आता एक्सप्रोफाइलमधल्या त्या ओळी काढून टाका. केबल नीट असताना त्यांची गरज नाही आणि उद्या दुसरा मॉनिटर जोडलात तर त्याच घोळ घालतील. स्टुडिओवाल्याची केबल परत करायच्या आधी स्वतःची नवी आणा.