मदत हवी आहे : प्रोपेलरचा टॉर्क एका रीतीने ५३६, दुसरीने ५९९, तिसरीने शून्य

खानापूरकर

नमस्कार मंडळी. बेळगावात मेकॅनिकलला आहे, चौथं सेम. फ्लुइड मेकॅनिक्सच्या असाइनमेंटमधलं एक गणित अडलंय. वर्गात सगळं इंग्रजीत, सर शंका कन्नडमध्ये सोडवतात, माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम. सूत्रं चालतात कशीही, पण ‘असं का’ हे अजून मराठीतच नीट विचारता येतं, म्हणून इथे.

गणित असं. विमानाचा प्रोपेलर, व्यास २ मीटर, फेरे मिनिटाला २४००, विमानाचा वेग ४० मी/से, हवेची घनता १.२२५. सोबत सीटी (थ्रस्टचा गुणांक) आणि सीपी (पॉवरचा गुणांक) यांचा आलेख दिलाय. थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) आणि टॉर्क (फिरवायला लागणारा पीळ) काढा, आणि ‘मोमेंटम थिअरीशी ताळा करून फरकाची चर्चा करा’. हे शेवटचं वाक्यच नडलंय.

मी केलं ते सांगतो. एन = सेकंदाला ४० फेरे, म्हणून जे (अ‍ॅडव्हान्स रेशो, वेग ÷ (एन × व्यास)) = ४० ÷ (४० × २) = ०.५. त्या जागी आलेखावर सीटी ०.०९ आणि सीपी ०.०६ दिसतात.

थ्रस्ट = सीटी × घनता × एनचा वर्ग × डीचा चौथा घात = २८२२ न्यूटन.
पॉवर = सीपी × घनता × एनचा घन × डीचा पाचवा घात = १५०.५ किलोवॅट.
टॉर्क = पॉवर ÷ (२ पाय एन) = ५९९ न्यूटन-मीटर.

आता मोमेंटम थिअरी, म्हणजे प्रोपेलरच्या जागी हवेला मागे ढकलणारी एक पातळ चकती धरायची. तोच २८२२ चा थ्रस्ट धरला तर चकतीपाशी हवेचा वेग ७.६९ ने वाढतो, म्हणजे ४७.६९ मी/से. मागे लांब गेल्यावर वाढ दुप्पट, ५५.३८. पॉवर = थ्रस्ट × ४७.६९ = १३४.६ किलोवॅट, त्यावरून टॉर्क ५३६.

५९९ आणि ५३६ मधला फरक ‘लॉसेस’ म्हणून लिहून मोकळा होणार होतो. पण आमच्याच पुस्तकात मागच्या धड्यात मोमेंट ऑफ मोमेंटमचं समीकरण आहे. टॉर्क म्हणजे पाण्याला किंवा हवेला दर सेकंदाला दिलेला कोनीय संवेग. मोमेंटम थिअरीत तर हवा सरळ येते आणि सरळ जाते, गरगरत नाही असंच गृहीत धरलंय. मग त्या हिशेबाने टॉर्क शून्य यायला पाहिजे की! शून्य टॉर्कने १३४ किलोवॅट जातात कुठून? तोंडी परीक्षेत सर हेच विचारणार, त्यांची सवय माहीत आहे. सबमिशन सोमवारी.

चिकोडीचा

काय रे, सबमिशन सोमवारी आणि धागा शनिवारी रात्री? असूदे. आकडे बघितले, बरोबर आहेत. आमच्या वेळी निम्मी पोरं एनच्या जागी ओमेगा (कोनीय वेग, २ पाय एन) घालायची, थ्रस्ट सरळ साडेएकोणचाळीस पट यायचा आणि तरी दोन रेघा मारून उत्तर लिहायची. तू त्यातला नाहीस. शून्याचं मात्र मला सांगता येणार नाही, कोणीतरी पंपवाला गाठ.

उद्यमबाग पंप

हाक मारलीच आहे तर येतो. आयुष्य इंपेलरमध्ये, म्हणजे पंपाच्या आतल्या फिरत्या चाकात गेलं.

आमच्या पंपात टॉर्क काढायची रीत तू म्हणतोस तीच, ऑयलरचं समीकरण. पाणी इंपेलरमधून बाहेर पडताना किती गरगरतं त्यावर सगळं. प्रोपेलरलाही तो नियम चुकत नाही. खऱ्या प्रोपेलरच्या मागची हवा गरगरतेच. किती, ते तुझ्याच आकड्यांवरून काढून बघ.

चकतीचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर, वेग ४७.६९, म्हणजे दर सेकंदाला १८३.५ किलो हवा आत जाते. टॉर्क ५९९ असेल तर त्रिज्या गुणिले आडवा वेग = ५९९ ÷ १८३.५ = ३.२६. पात्याच्या ७० टक्के त्रिज्येवर, ०.७ मीटरला, आडवा वेग साधारण ४.७ मी/से. बस. पुढे जाणारी हवा ४७ ने आणि गरगर पावणेपाचाची.

आता त्या गरगरीची ऊर्जा काढ. अर्धा गुणिले १८३.५ गुणिले ४.७ चा वर्ग, दोन किलोवॅटच्या आसपास. दीडशेत दोन! म्हणून मोमेंटम थिअरी तिला सोडून देते. ऊर्जेत तो वेग वर्गाने येतो म्हणून नगण्य ठरतो. कोनीय संवेगात तोच वेग एकदाच येतो, आणि तिथे तो नगण्य नाही, अख्खा टॉर्क त्याच्यावरच उभा आहे. म्हणजे थिअरीने गरगर ऊर्जेच्या खात्यातून वगळली, टॉर्कच्या खात्यातून वगळायचा तिला अधिकार नाही. तू ५३६ काढलास तो हवेच्या फिरण्यावरून नव्हे, पॉवरला ओमेगाने भागून. चकतीला ओमेगा असा नसतोच, तो तू गणितातून आणून लावलास.

हवा अजिबात न गरगरता खरोखर पॉवर द्यायची असेल तर दोन वाटा. एक, एकामागे एक उलट फिरणारे दोन प्रोपेलर, दोघांचा टॉर्क एकमेकांना कापतो. दुसरी, फेरे अमर्याद वाढवायचे. पॉवर तेवढीच ठेवून ओमेगा वाढत गेला की टॉर्क शून्याकडे जातो. तुझं शून्य तिथे बसतं. सरांना हे सांगितलंस की पुढचा प्रश्न येणार नाही, आला तर चहा माझ्याकडून.

फरकाच्या चर्चेत नुसतं ‘लॉसेस’ लिहू नको. १५.९ किलोवॅटचा फरक आहे. त्यात गरगरीचे दोन, बाकी बहुतेक पात्यांचा हवेशी होणारा घर्षणाचा ड्रॅग आणि टोकांपाशी निसटणारी हवा. कार्यक्षमताही दोन्ही लिही. आलेखावरून ७५ टक्के, मोमेंटम थिअरीने ८३.९. दुसरी ही वरची मर्यादा आहे, एवढ्या थ्रस्टला त्या व्यासाचा कुठलाच प्रोपेलर तिच्यापुढे जात नाही.

चिकोडीचा

ही चकतीची कल्पना मुळात जहाजांसाठीची आहे बरं का. रँकिन या स्कॉटिश इंजिनिअरने १८६५ मध्ये मांडली तेव्हा विमानं कुठे होती!

खानापूरकर

पंपवाले काका, डोक्यातली गाठ सुटली. वर्ग आणि एकपट, हे कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं.

एक उपप्रश्न राहिलाय. ‘हाच प्रोपेलर तेवढ्याच वेगाने आणि फेऱ्यांनी बेळगावच्या उंचीवर, ३० अंश तापमानात चालवल्यास?’ सांबऱ्याच्या, म्हणजे आमच्या विमानतळाच्या धावपट्टीवरूनच सुचलं असणार सरांना. ७५० मीटर उंची धरली, हवेचा दाब ९२.६ किलोपास्कल, त्यावरून घनता १.०६५. आता आलेख पुन्हा वाचायचा का?

उद्यमबाग पंप

नाही. जे मध्ये घनता येतेच कुठे? वेग, फेरे, व्यास तेच म्हणजे जे ०.५ च, आणि सीटी-सीपीही तेच. फक्त घनतेच्या प्रमाणात खाली ये. १.०६५ ÷ १.२२५ = ०.८७. थ्रस्ट २४५४, टॉर्क ५२१. साध्या पिस्टन इंजिनाचा दमही पातळ हवेत त्याच सुमाराला कमी होतो, पण ते तुला विचारलेलं नाही, पान वाढवू नको.

आलेख कुठल्या ब्लेड अँगलचा (पात्याच्या तिरकेपणाचा) आहे ते मात्र उत्तरात लिही. एकाच प्रोपेलरला अँगल बदलला की वक्र बदलतो.

खानापूरकर

२० अंश, ७५ टक्के त्रिज्येवर मोजलेला. लिहितो.