एकल कथकला रेकॉर्डेड ट्रॅक: सोय की नुकसान?

ठायलय:
एकल कथक ट्रॅकवर करण्याची सवय वाढते आहे, आणि मला ती घातक वाटते. सोळा मात्रांच्या तीनतालात समेवरून, म्हणजे पहिल्या मात्रेवरून, पाच मात्रांचा पल्ला, मध्ये एकेक मात्रेचा दम घेत, तीनदा घेतला की सतराव्या मात्रेला सम येते. हे गणित ट्रॅकवरही जमतं. पण उपजेचं, म्हणजे ऐनवेळी सुचेल ते नाचण्याचं, काय? ठाठात, म्हणजे सुरुवातीच्या संथ, डौलदार उभं राहण्यात, एक आवर्तन (तालाचा फेरा) जास्त थांबावंसं वाटलं, लडीत, म्हणजे एकाच बोलाच्या विस्तारात, नवा पलटा (फेरफार) सुचला, तर तबलजी ठेका धरून वाट बघतो. ट्रॅक बघत नाही. मग मुली आवर्तनं मोजून पाठ करतात आणि ठाठसुद्धा बसवलेला होतो.

विंगेतून:
तत्त्व मान्य, पण हिशेब बघा. तबला, हार्मोनियम, गायन, पढंत (नाचाचे बोल तोंडाने म्हणणं) अशी चार माणसं. प्रत्येकाचं मानधन, किमान दोन तालमी, गाडीभाडं. महोत्सवात वाट्याला येतात पंधरा मिनिटं, होतकरू मुलीला मानधन बहुधा नाहीच. क्लासच्या फीमधून ती हे भरते. शिवाय तबल्याला दोन, बाकीच्यांना एकेक असे पाच माईक. साउंडचेक पाच मिनिटांत उरकला की तबला घुमतो आणि पढंतीचे बोल कळत नाहीत.

ठायलय:
मग भांडण आयोजकांशी करा. फुलं आणि स्मृतिचिन्हांना पैसे निघतात, तसे संगतकारांचे अंदाजपत्रकात वेगळे धरायला लावा. नवे तबलजी नाचाची संगत रंगमंचावरच शिकतात. कामच नसेल तर दहा वर्षांनी परणींना, म्हणजे पखवाजाच्या जोरकस बोलांच्या रचनांना, साथ करणारा शोधावा लागेल.

समेवर:
ट्रॅक स्वस्त असेल, निर्धोक नाही. मोठे स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून असतात, नर्तिकेला बराचसा आवाज मागच्या भिंतीवरून परतून येतो. भिंत २० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे सेकंदाच्या आठव्या-नवव्या भागाइतका उशीर. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर हा उशीर जवळजवळ अर्ध्या मात्रेचा! घुंगरू मागे पडतात आणि लोक म्हणतात, मुलगी लयीला कच्ची. दोन्ही विंगांत नर्तिकेकडे वळवलेले मॉनिटर हवेतच, त्यात तबल्याचा आवाज वर, गायनाचा खाली. प्रत्यक्ष तबलजी दोन-तीन मीटरवर बसतो, त्याचा ठेका थेट कानावर येतो.

विंगेतून:
मॉनिटरचं पटलं. पण बारा जणींच्या समूहरचनेत उपज नसतेच, तिथे तरी ट्रॅकला नावं ठेवू नका.

ठायलय:
समूहासाठी माझी हरकत नाही. धाग्याचं शीर्षक एकल आहे.

नगमा१६:
तबलजी प्रत्यक्ष, लेहरा (तालाचं आवर्तन दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून) अ‍ॅपवर, पढंत नर्तिकेचीच. मानधन एकाचंच, उपजही शाबूत. अडचण लय चढवण्याची, कारण अ‍ॅप आपणहून चढत नाही. विंगेत तालाची जाण असलेली विद्यार्थिनी बसवा, टप्पे आधी ठरवा आणि लय समेवरच बदला. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, ऐन परणीत कॉल आला तर लेहरा थांबतो.

ठायलय:
हा तोडगा मला चालेल, सारंगीची आस, म्हणजे सुरांचा लांबणारा नाद, सुटली तरी. आणि ज्यांना ट्रॅकच हवा त्यांनी संगतकारांशी लेखी करार करावा: किती कार्यक्रम, किती वर्षं, ऑनलाइन व्हिडिओत वापरणार का. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणाच्या व्यावसायिक वापरात कलाकाराला रॉयल्टीचा हक्क आहे. एकदा पाकीट देऊन तोच तबला पाच क्लासना वाटणं थांबायला हवं.