मदत हवी आहे : सात-आठ गावांसाठी अग्निशमन केंद्र मागायचे असेल तर कोणाकडे?

नमस्कार.

आमचे गाव तालुक्याच्या ठिकाणापासून 28 किलोमीटरवर आहे. मागच्या महिन्यात भर दुपारी वस्तीवरच्या एका गोठ्याला आग लागली आणि शेजारची कडब्याची गंजही पेटली. ट्रॅक्टरचे टँकर आणि फवारणीचे पंप घेऊन लोक धावले, दावी कापून जनावरे सोडवली. तरी दोन गाई आणि वर्षाची वैरण गेली. शहरातला बंब पोहोचला तेव्हा तास उलटून गेला होता. बंबावरच्या जवानांनी जीव तोडून काम केले, त्यांच्याविषयी माझी कसलीही तक्रार नाही. परंतु फोन केल्यावर पहिला प्रश्न आला तो 'गाव हद्दीत येते का?' असा, आणि तो अजून माझ्या मनातून जात नाही.

तेव्हापासून मिळेल ते वाचत आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येतील असे 18 विषय आहेत, त्यांत सातवा 'अग्निशमन सेवा' हा आहे. त्याच वर्षीच्या 73 व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. ती यादी मी तीनदा वाचली, तिच्यात अग्निशमन नाही. महाराष्ट्रात महानगरपालिका आणि नगरपरिषदा आपापले दल चालवतात, एमआयडीसीचे स्वतःचे दल आहे, आणि या सर्वांवर राज्याचे अग्निशमन सेवा संचालनालय आहे. 2006 चा आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमही वाचला. त्याचा मुख्य भर इमारतींचे मालक आणि भोगवटादार यांच्या जबाबदाऱ्यांवर आहे. गोठा, गंज, उसाचा फड यांच्यासाठी बंब कोणी ठेवायचा, याचे उत्तर मला त्यात सापडले नाही.

शेजारच्या गोव्यात ही सेवा राज्य सरकारच्या एकाच संचालनालयाकडे आहे. पणजी, मडगावपासून वाळपई, काणकोणपर्यंतची केंद्रे त्याच खात्याची असल्यामुळे गाव पंचायतीचे की पालिकेचे, यावर बंब अडत नाही. गोवा लहान आहे हे मान्य, पण कर्नाटक आणि तामिळनाडू लहान नाहीत आणि तेथेही राज्याचेच खाते आहे. आपल्याकडेही 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून राज्यभर धावते. ती बोलावताना हद्द कोणी विचारत नाही.

स्थायी अग्निशमन सल्लागार समितीच्या निकषानुसार ग्रामीण भागात पहिला बंब 20 मिनिटांत पोहोचला पाहिजे. 28 किलोमीटर 20 मिनिटांत कापायचे तर ताशी 84 चा वेग लागतो, आणि आमच्या रस्त्यावर पाण्याने भरलेला बंब त्याच्या निम्म्यानेही धावत नाही. म्हणजे अडचण मनुष्यबळाच्या तत्परतेची नसून केंद्र कोठे आहे याची आहे.

आता मुद्द्याचे. परिसरातील सात-आठ ग्रामपंचायती एकत्र येऊन जागा आणि पाण्याची सोय करायला तयार आहेत. वाहन, प्रशिक्षित माणसे आणि त्यांचा दरमहा पगार हा भार मात्र आम्हांला पेलणारा नाही. अशा वेळी प्रस्ताव जिल्हा परिषदेकडे द्यावा, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा, की थेट संचालनालयाकडे? 15 व्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने 2023 मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी 5,000 कोटी रुपयांची योजना आणली. त्यातून नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर एखादे केंद्र उभे राहिल्याचे कोणाला प्रत्यक्ष ठाऊक आहे काय? आणि तोवर नगरपरिषदेशी किंवा जवळच्या साखर कारखान्याशी लेखी करार करून ठेवता येतो का, म्हणजे फोनवर हद्दीची विचारपूस होणार नाही? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत निकडीचा वाटतो, कारण केंद्र उभे राहायला वर्षे लागतील आणि गंजी दर उन्हाळ्यात असतात.

अग्निशमन दलात किंवा पंचायत समितीत काम केलेल्या कोणी मार्गदर्शन केले तर फार उपकार होतील. अशा ठरावाचा किंवा कराराचा मसुदा कोणाकडे असल्यास तोही हवा आहे. 1 मेच्या ग्रामसभेपुढे तो ठेवण्याचे सरपंचांनी कबूल केले आहे.