बॅश स्क्रिप्टमध्ये ‘सेट -ई’ सक्तीचं असावं का?

कमांडलाइन
माझं ठाम मत, असावंच. बॅश, म्हणजे कमांड चालवणारा शेल, एरवी एक कमांड फसली तरी पुढची चालवतो; ‘सेट -ई’ लावलं की कमांड फसताच स्क्रिप्ट तिथल्या तिथे थांबते, आणि थांबलीच पाहिजे. जानेवारी 2015 मधलं लिनक्सवरच्या स्टीमचं (गेम्सच्या ॲपचं) प्रकरण आठवा. एकाने स्टीमचं फोल्डर हलवून जुन्या जागी सिमलिंक (नव्या जागेकडे नेणारा दुवा) केली. स्क्रिप्टमधलं ‘सीडी’ (फोल्डरमध्ये जाणारी कमांड) फसलं, फोल्डरचा पत्ता ठेवणारा ‘स्टीमरूट’ व्हेरिएबल रिकामा राहिला, आणि त्यापुढे स्लॅश-स्टार लावलेलं ‘आरएम -आरएफ’ (फाइली पुसणारी कमांड) थेट रूटपासून, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरपासून, पुसत सुटलं. होम, म्हणजे स्वतःच्या फाइलींचं फोल्डर, तर गेलंच, जोडलेला बॅकअप ड्राइव्हही गेला. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्याने ‘स्केअरी!’ अशी कॉमेंट टाकली होती. भीती वाटत होती, तर तपासणी का नाही घातली?

रातपाळी
सहमत. आणि ‘सेट’चा दुसरा पर्याय ‘-यू’ सुद्धा हवाच, त्यानेही हे वाचलं असतं.

जुना_ॲडमिन
नसतं वाचलं. ‘-यू’ ओरडतं ते सेटच न केलेल्या व्हेरिएबलवर. इथे तो सेट होता, फक्त रिकामा. त्याला उपाय म्हणजे नावापुढे ‘:?’ लावणं: रिकामा असला तरी एरर येतो.

‘-ई’वर तर माझा अजिबात भरवसा नाही. ग्रेपला (मजकूर शोधणाऱ्या कमांडला) काही सापडलं नाही की तो 1 हा एक्झिट कोड परत देतो (शून्य म्हणजे यश, बाकी अपयश), झाली स्क्रिप्ट बंद. काउंटर शून्यावर असताना दुहेरी कंसात ‘आय++’ केलंत, तरी बंद, कारण उत्तर शून्य आलं की बॅश ते अपयश धरतो. उलट एखादं फंक्शन ‘इफ’च्या अटीत बोलावलं, तर त्याच्या आत ‘-ई’ लागूच होत नाही. नको तिथे थांबतं, हवं तिथे पुढे जातं. अशा गोष्टीची सक्ती कशी करायची?

कमांडलाइन
पण स्टीमच्या बाबतीत ‘-ई’ने त्याच ओळीवर थांबवलं असतं, कारण असाइनमेंटला (व्हेरिएबलमध्ये किंमत भरण्याला) फसलेल्या ‘सीडी’चाच एक्झिट कोड मिळतो. ग्रेपपुढे ‘किंवा ट्रू’ (फसलं तरी चालेल) लिहायला कितीसा वेळ लागतो? निदान वाचणाऱ्याला कळतं की इथे विचार केलाय.

पर्लप्रेमी
पर्ल या भाषेत ‘यूज स्ट्रिक्ट’ असेल तर व्हेरिएबलच्या नावातली चूक स्क्रिप्ट चालायच्या आधीच पकडली जाते. ‘यूज’पुढे 5.12 किंवा वरची आवृत्ती लिहिली की स्ट्रिक्ट आपोआप लागतं, 5.36 पासून वॉर्निंग्जही. बॅशमध्ये याच्या जवळ जातं ते शेलचेक हे चुका शोधणारं टूल. स्क्रिप्ट न चालवता वाचतं, आणि ‘आरएम’च्या असल्या ओळीला नेमकं ‘:?’च सुचवतं. सक्ती करायचीच तर त्याची करा.

जुना_ॲडमिन
शेलचेकला माझा विरोध नाहीच. पण ‘-ई’ दिसलं की नवी मुलं एक्झिट कोड बघणं सोडून देतात, त्याचा मला राग आहे. ‘लोकल’ (फंक्शनपुरता व्हेरिएबल) लिहून त्याच ओळीत कमांडचं आउटपुट भरलं, की ती कमांड फसली तरी कोड शून्यच येतो आणि ‘-ई’ गप्प बसतं.

कमांडलाइन
त्याही ओळीला शेलचेक सूचना देतं: आधी ‘लोकल’, मग पुढच्या ओळीत किंमत भरा. तसं केलं की ‘-ई’ पुन्हा कामाला लागतं. मला ‘-ई’ आणि शेलचेक दोन्ही हवीत, आणि कोड रिव्ह्यूत मी दोन्ही मागणारच.