प्रति: प्रार्थनेतला माणूस अन् एआय
भाऊ, तुम्ही वर विचारलं, "तुकडोजी महाराजांच्या मोझरीची वारी करणाऱ्याचा अन् एआयचा काय संबंध?" आमच्याकडचं सांगतो.

यवतमाळ जिल्ह्यात माझं कृषी केंद्र आहे. दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर एआयची उत्तरं बसवून देणारा पोरगा महाराजांच्याच गुरुदेव सेवा मंडळातला, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना न चुकवणारा. मी म्हटलं, ज्या औषधात मार्जिन जास्त, ते आधी सुचवू दे. त्याने लॅपटॉपच मिटला. "काका, २०१७ विसरले काय?" त्या साली फवारणीच्या विषबाधेनं आपल्याच जिल्ह्यात माणसं गेली. मी काय बोलणार बाप्पा!

परवा कपाशीच्या पानाचा फोटो आला. कडा लालसर, खाली वळलेल्या. एआय म्हणे लाल्या (पानं लाल पडण्याचा रोग) आहे, मॅग्नेशियम सल्फेट फवारा. मी पान उलटं करून दुसरा फोटो मागवला, तर मागं रस शोषणारे तुडतुडेच तुडतुडे! त्या पोरानं आधीच अट घातली होती, औषधाचं उत्तर दुकानात मी पाहिल्याशिवाय पुढं जाणार नाही. गिऱ्हाईक कुरकुरते, पण चालते.

उधारीची वही मात्र तो पोरगा एआयमध्ये घालू देत नाही. लोकांना विचारून या म्हणतो. ते भांडण अजून सुरूच आहे.