क्षेपणास्त्र की क्षिपणी?

(कर्नाटकाच्या सीमाभागातल्या तीन गावांच्या तिघांचा संवाद; ज्याचं गाव, तेच त्याचं नाव.)

निपाणी: कन्नड वर्तमानपत्रात ‘क्षिपणी’, मराठीत ‘क्षेपणास्त्र’. दहावीची मुलं मराठी निबंधातही ‘क्षिपणीची चाचणी’ लिहितात. चूक धरायची का?

बेळगाव: धरायची. धातू एकच, क्षिप् म्हणजे फेकणे. आक्षेप, प्रक्षेपण, हस्तक्षेप त्याच कुळातले. पण मराठीत रुळलेला शब्द क्षेपण + अस्त्र असा संधीचा, म्हणून ‘णा’ला काना. ‘क्षेपणस्त्र’ आणि ‘क्षेपनास्त्र’ दोन्ही अशुद्ध. लिंग नपुंसक: ते क्षेपणास्त्र, ती क्षेपणास्त्रे. क्षिपणी मराठीत आणली की ती स्त्रीलिंगी होते आणि पुढे ‘क्षिपण्या’! कन्नडमध्ये मात्र तो शब्द अगदी बरोबर आहे.

हातात धरून चालवायचं ते शस्त्र, सोडायचं ते अस्त्र. गंमत अशी की ‘अस्त्र’सुद्धा अस्, म्हणजे फेकणे, यावरूनच आलाय.

खानापूर: म्हणजे फेकणं दोनदा, दिशा देणं एकदाही नाही! बातम्या घसरतात त्या इथेच. सुटल्यावर मार्ग दुरुस्त करता येतो ते क्षेपणास्त्र; नाही येत ते रॉकेट. भारतीय सैन्याचा सुरुवातीचा पिनाक रॉकेटच: एका गाडीवर १२ नळ्या, ४४ सेकंदांत सगळ्या रिकाम्या, पण दिशा जी काय द्यायची ती सुटण्याआधी. त्याला क्षेपणास्त्र म्हणणं चूक. गायडेड पिनाकाला पुढे हलते पंख आणि दिशादर्शन यंत्रणा आहे, तिथे शब्द चालेल. टिपूच्या फौजेची रॉकेटं लोखंडी नळीची, बांबूला बांधलेली. जुन्या मराठीत त्यांना नुसतं ‘बाण’ म्हणत, आणि तेच नेमकं होतं.

निपाणी: आणि बॅलिस्टिक, क्रूझ?

खानापूर: तसेच ठेवा, ओढूनताणून प्रतिशब्द नकोत. पृथ्वी (पहिली चाचणी १९८८) आणि अग्नी (१९८९) बॅलिस्टिक: इंजिन सुरुवातीलाच जळून संपतं, पुढचा बहुतेक प्रवास गोफणीतून सुटलेल्या दगडासारखा. ‘क्षेपण’ इथे चपखल बसतं. ब्राह्मोस क्रूझ, त्याचं इंजिन लक्ष्यापर्यंत चालू असतं, वेग ध्वनीच्या सुमारे २.८ पट. तिथे ‘क्षेपण’ नावापुरतं.

बेळगाव: क्रियापदही सांभाळा. शत्रूवर क्षेपणास्त्र ‘डागतात’, चाचणी ‘घेतात’. कन्नड ‘उडावणे’च्या (म्हणजे प्रक्षेपणाच्या) वळणाने ‘सैन्याने क्षेपणास्त्र उडवलं’ असं लिहिलंत, तर पुण्याकडच्या वाचकाला वाटेल, शत्रूचं होतं ते हवेतच फोडलं.